पैलवानाच्या नावावर

९ जानेवारी

ताई,

ग्रंथालयाच्या पत्त्यावर माझं पत्र बघून दचकली असशील. घरी पाठवलं असतं तर आधी आईच्या हातात पडलं असतं. फोन करावा, तर तिला ऐकू कमी येतं म्हणून तुम्ही तो मोठ्या आवाजावर ठेवता, आणि तुमच्या दोन खोल्यांत एक शब्द लपून राहत नाही. म्हणून हे असं चोरून.

आधी हे सांगतो की मी हिंडता-फिरता आहे. जेवतोय, झोपतोय, कामावर जातोय. आता पुढचं वाच.

मालकांच्या बायकोचं ऑपरेशन होतं. रक्त लागेल म्हणून आमच्या काचकारखान्यातले आम्ही सगळे रक्तपेढीत जाऊन आलो. पैलवानाला तेवढं त्यांनी परत पाठवलं. तुला पैलवान आठवत असेल, माझ्या लग्नात मांडवाच्या खांबाशेजारी उभा होता आणि खांब कुठला नि तो कुठला हे तुला कळत नव्हतं. माझ्या समोरच्याच टेबलावर काच कापतो. त्याला मागच्याच्या मागच्या वर्षी कावीळ झाली होती, म्हणून त्याचं रक्त नको म्हणाले.

काही दिवसांनी मला रक्तपेढीतून फोन आला, जरा येऊन जा. मला वाटलं आभार मानायचे असतील. तुझ्या वहिनीने तर इस्त्रीचा शर्ट काढून दिला. तिथे एका लहानशा खोलीत बसवून त्यांनी सांगितलं की तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. यकृताला धरणारा विषाणू. मग मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण प्रश्न काय विचारतात गं! कधी रक्त चढवलंय का? इंजेक्शनं कुठे घेतलीत, सुई नवी होती का? अंगावर काही गोंदवलंय? दुसऱ्याचा वस्तरा, दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश? बायकोखेरीज कुणाशी संबंध? हा शेवटचा प्रश्न तुझी वहिनी शेजारी बसलेली असताना. मी नाही म्हटलं, आणि खरंच नाही, देवाशपथ, पण नाही म्हणताना माझे कान असे तापले की मलाच माझा संशय यायला लागला. घरी येऊन ती स्वयंपाकाला लागली. रात्री म्हणाली, "मला माहितेय तू तसला नाहीस. पण मग कुठून आलं?"

तेच मीही विचारतोय. आई, भावंडं यांना काही होतं का, असंही त्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या आईला साधी सर्दी होत नाही.

वहिनीची तपासणी झाली, तिला काही नाही. लस सुरू केलीय. एकत्र जेवल्याने, हात लावल्याने, खोकल्याने हे पसरत नाही असं डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा सांगितलं. तरी मी माझं ताट वेगळं केलं. तिने ते उचलून पुन्हा सगळ्यांत ठेवलं. मी पुन्हा काढलं. असं चाललंय.

राहून राहून मनात येतं, ते तुला म्हणून लिहितो. काचेच्या कामात बोट कापत नाही असा आठवडा जात नाही. पैलवानाचं नि माझं टेबल समोरासमोर, पट्टीची गुंडाळी एक, रक्त पुसायचं फडकं एक. त्याला कावीळ झाली होती. पण हे आपलं मनात आलं, एवढंच.

सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं असं सांगितलंय. तूही घे. आईला काही बोलू नकोस.

तुझा
भावड्या


२० जानेवारी

भावड्या,

तुझं पत्र मी पुस्तकांच्या मागच्या खोलीत, स्टुलावर उभं राहून वाचलं. कुणी आलं तर वरच्या फळीवर काही शोधतेय असं दाखवायला. सहकारीण आलीच. म्हणाली, "डोळ्यांत धूळ गेली का गं?" म्हटलं, हो, कुणी वाचत नाही ना ही पुस्तकं.

तू कुठे चुकला असशील असं माझ्या मनात आलं नाही, हे पहिल्यांदा लिहिते. तुला मी लहानाचा मोठा केलाय. तू शेजारच्या बाईंच्या कुंडीतलं फूल तोडलंस तरी संध्याकाळी स्वतःच जाऊन सांगायचास.

मी आमच्याकडची आरोग्याची पुस्तकं काढून बसले. रक्तातून पसरतो असं स्पष्ट लिहिलंय. रक्त वाळलं तरी कित्येक दिवस त्यात तो टिकून राहतो असंही लिहिलंय. आणि तुमचं फडकं एक, पट्टी एक, आणि त्या माणसाला कावीळ! मग आणखी शोधतोस काय? इतकं समोर असताना तू "आपलं मनात आलं" म्हणून गप्प बसतोस. उद्या तिसऱ्या कुणाला लागलं तर? मालकांना सांग. तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस, नीट नाव घेऊन सांग. मित्र असला म्हणून काय झालं, त्याने तुझा विचार केला होता का?

वहिनीला माझ्याकडून सांग की तिने तुझं ताट परत ठेवलं ते बरोबर केलं. आणि तू तो पोरखेळ बंद कर.

माझी तपासणी करून घेईन सवडीने. आईचं तू म्हणतोस ते खरं, तिला एक अक्षरही कळता कामा नये. ती रडारड करणाऱ्यांतली नाही, गप्प होईल. ती गप्प झाली की आमच्या घरात भांडंसुद्धा वाजत नाही.

जपून राहा. हातमोजे घाल, अडचण होते म्हणून काढून ठेवू नकोस.

तुझी
ताई


४ फेब्रुवारी

ताई,

सांगितलं. तू म्हणालीस तसं मालकांना सांगितलं.

मालक काचेची पेटी उतरवून घेत होते. मी म्हटलं, "मालक, ते माझं रक्ताचं…" ते म्हणाले, "आपल्यातल्या एकाच्या रक्तात काही निघालं एवढंच कानावर आलं, नाव कुणी सांगितलं नाही, पण तुझं तोंड बघून कळलं. आता इथल्या बाकीच्यांचं काय? रोज कुणाचं ना कुणाचं बोट कापतं." मी म्हटलं, मी मोजे घालतोय, पट्टी वेगळी ठेवतोय, औषधपाणी डॉक्टर सांगतील तसं करतोय. त्यांनी विचारलं, "तुला लागलं कुठून?"

मी म्हटलं माहीत नाही. मग तुझं पत्र आठवलं. म्हटलं, "पैलवानाला कावीळ झाली होती."

एवढंच बोललो गं. पुढे काही जोडलं नाही. पण मालकांनी पुढचं सगळं स्वतःच जोडलं. दुपारी त्यांनी पैलवानाला बाहेर बोलावलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा डबा होता. त्याने आपली काच कापायची हिरकणी रुमालात गुंडाळली, खिशात घातली आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"तू सांगितलंस?"

मी म्हटलं, "मालकांनी विचारलं."

"मालकांनी काय विचारलं ते मी विचारत नाही. तू सांगितलंस का?"

मी मान डोलावली. तो वळला. बाहेर जाताना दारात त्याला वाकावं लागतं, इतका तो उंच आहे, आणि रोज वाकताना तो "सलाम दरवाजेसाहेब" म्हणतो. आज नुसता वाकला.

मी संध्याकाळी मालकांना म्हटलं, आजार मला निघालाय, मी कामावर आणि तो घरी, हे कसं? ते म्हणाले, "तुझं निदान कळलंय, तू सांभाळतोस. त्याचं काय आहे हे कुणाला माहीत? आणि मोठ्या काचा कापणारा तुझ्यासारखा मला लगेच मिळणार नाही." म्हणजे माझा हात चांगला चालतो म्हणून मी वाचलो.

वहिनीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुला खात्री होती?" मी म्हटलं, ताई म्हणाली. ती म्हणाली, "ताई तिथे होत्या?" मग उठून आत गेली.

बरोबर केलं ना मी? तू एकदा तसं लिही, म्हणजे बरं वाटेल. तुझी तपासणी झाली का?

भावड्या


११ मार्च

भावड्या,

उत्तराला उशीर झाला. ग्रंथालयात वर्षाची पुस्तकमोजणी होती, त्यात आमच्या छकुलीच्या परीक्षा, आईचं पोट बिघडलं होतं. आता सगळं ठीक आहे.

तपासणीला वेळच मिळाला नाही रे. करेन.

तुझ्या त्या मित्राचा मी पुन्हा विचार करून पाहिला. आपल्याला खात्री कुठे आहे? कावीळ कितीतरी तऱ्हांची असते, घाण पाण्याचीही असते. त्याला परत घ्यायला मालकांना सांगशील का? ताईने घाई केली असं समज. फार खोलात न जाता नुसतं सांग, की डॉक्टर म्हणतात असं नक्की सांगता येत नाही. नाव माझं घेतलंस तरी चालेल. नको, माझं घेऊ नकोस.

तुझ्या भाऊजींनी आणि मी लस घ्यायचं ठरवलंय. म्हणजे ते घेतायत. हल्ली सगळेच घेतात.

छकुली आठवण काढते. मामा काचेचा मासा करून देणार होता म्हणते.

ताई


१८ एप्रिल

ताई,

तुझं मागचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. जानेवारीत तू लिहिलंस, नीट नाव घेऊन सांग. मार्चमध्ये लिहितेस, ताईने घाई केली. मधल्या काळात तुला काय साक्षात्कार झाला, ते एका ओळीत नाही. मला आधी फार राग आला. मालकांकडे मी गेलो नाही. ज्या तोंडाने एकदा सांगितलं त्याच तोंडाने उलटं काय सांगू, असं म्हणून गेलो नाही. खरं म्हणजे भ्यायलो.

पैलवानाने स्वतःच तपासणी करून घेतली. त्याला हा आजार नाही आणि कधी झालाही नव्हता. त्याची कावीळ पाण्याची होती, आली आणि गेली. तो कागद घेऊन तो मालकांकडे आला. मालकांनी पाहिला, म्हणाले, "चांगलं झालं, सुटलास." पण त्याच्या टेबलावर दुसरा माणूस बसलाय, आणि मालक लोकांना जोडतात तितकेच पटकन तोडतात. मी तिथेच होतो. मान खाली घालून काच पुसत होतो. कोरडी होती ती.

यापुढचं मला वहिनीकडून कळलं. पैलवानाची बायको घरी पाळणाघर चालवायची. कामाला जाणाऱ्या बायका तान्ही पोरं तिच्याकडे ठेवून जायच्या. गल्लीत बातमी गेली की त्या घरात रक्ताचा रोग आहे. एकेकीने काही ना काही कारण सांगून पोर न्यायला सुरुवात केली. कुणाची सासू येणार होती, कुणाची सुट्टी होती. आता एकही नाही. पैलवान गोदामावर पोती उतरवतो. मी त्याला रस्त्यात पाहिलं, पाठीवर पोतं होतं, इतका उंच माणूस अर्धा झाला होता. त्यानेही मला पाहिलं. मी रस्ता बदलला. त्याने नाही बदलला, मी बदलला.

आता दुसरं. काल डॉक्टरीणबाईंनी नव्या तपासण्या बघून सांगितलं की हा आजार ताजा नाही. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेक वेळा शरीर स्वतःच त्याला हुसकून लावतं. तान्ह्या वयात लागला तर मात्र तो गुपचूप राहतो, पंचवीस-तीस वर्षं काही कळू देत नाही. "तुमचा बहुधा जन्मापासूनचा आहे," म्हणाल्या. "आईकडून बाळंतपणात येतो. आईची, बहिणीची तपासणी करायला सांगितली होती, त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, बहिणीला वेळ मिळाला नाही.

आणि हे म्हणताना मला तुझं वाक्य आठवलं. "म्हणजे ते घेतायत." भाऊजी लस घेतात आणि तू घेत नाहीस. लस कुणाला देत नाहीत हे मला आता पाठ झालंय. ज्याला आधीच आजार आहे त्याला.

ताई, तुझी तपासणी झालीय ना?

भावड्या


२६ एप्रिल

भावड्या,

झालीय. फेब्रुवारीच्या मध्यातच झाली. तुझं पैलवानाचं पत्र आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. मलाही आहे.

कागद हातात आला तेव्हा मला सगळं एका क्षणात कळलं. मी कधी काचेच्या कारखान्यात गेले नाही, तुमचं फडकं मी पाहिलेलं नाही. तुझ्यात नि माझ्यात एकच गोष्ट सारखी आहे, आणि ती समोरच्या खाटेवर बसून छकुलीच्या फ्रॉकला गुंडी लावत होती. म्हणजे तुझा मित्र निर्दोष आहे हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. तुला मार्चमध्ये लिहिलं ते खोटं लिहिलं, आणि तेही धड नाही. त्याच्या पोटावर पाय येऊ नये आणि आईलाही कळू नये, दोन्ही एकदम साधायला गेले. त्याच्या पोटावर पाय आलाच, आणि तो शब्दही कमीच पडतो.

मी काय विचार केला ते सांगते, सबब म्हणून नाही. बाबा गेले तेव्हा तू दीड वर्षांचा होतास. तेव्हापासून आईने आपल्याला वाढवलं, आणि आता मी तिला सांगू, की आई, तुझ्यामुळे आम्हाला झालं? या वयात? माझ्या जिभेला ते जमेना. मी मनात म्हटलं, तो मित्र दणकट आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. ओळखदेख नसलेल्या माणसाचं सोसणं किती हलकं वाटतं रे. पाळणाघराचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी लिहिलं असतं का, हे आज मला ठामपणे सांगता येत नाही.

आणखी एक भीती होती, ती तुला न सांगताच तू ओळखशील. माझ्यापासून छकुली. तिचा निकाल येईपर्यंत मी तिचे केस विंचरताना हात लावायची नाही, कंगव्याच्या टोकानेच भांग पाडायची. तिला काही नाही. ती जन्मली तेव्हा दवाखान्यात पहिल्याच दिवशी तिला लस टोचली होती. मी तेव्हा नर्सवर चिडले होते, एवढ्याशा जीवाला सुई कशाला म्हणून. आपल्या वेळी ही लस कुणाला मिळत नव्हती.

तुझ्या भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "आईंना का नाही सांगत? त्यांना आहे, आणि त्यांना कुणी तपासत नाहीये." एवढं साधं. मी दोन महिने आईला दुःख होऊ नये म्हणून जपत होते, आणि तिचं यकृत कसं आहे हे पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मार्चमध्ये तिचं पोट बिघडलं होतं तेव्हाही नाही.

आज संध्याकाळी सांगते तिला. हे पत्र टाकून घरी जाईन, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पैलवानाचं काय करायचं ते मला सुचत नाही. मी त्याला पत्र लिहू का?

ताई


१५ मे

चिरंजीवास आईचे आशीर्वाद.

तुझ्या बहिणीने मला सांगितलं. आधी जेवायला वाढलं, मग माझ्या कानाशी येऊन सांगू लागली, मग रडायला लागली, त्यामुळे मला काहीच ऐकू येईना. शेवटी छकुलीच्या पाटीवर लिहून दाखवलं. मला वाटलं जावयाची नोकरी गेली.

मग तपासण्या झाल्या. मलाही आहे हे आता तुम्हाला ठाऊकच आहे. यकृत थोडं खराब झालंय म्हणाले, कडक झालंय, पण वेळेत आलात. रोज एक गोळी, बहुतेक जन्मभर. मी विचारलं, जन्म आता कितीसा राहिलाय, तर डॉक्टर हसला. चांगला मुलगा आहे.

तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलंत? मी काचेची आहे का? काच तू कापतोस, तुला कळायला हवं.

मी विचार करत बसले की मला कुठून आलं असेल. तुमच्या जन्माआधी मी बाळंतपणाच्या दवाखान्यात धुलाईखात्यात होते. चादरींचे ढीग यायचे, घडीत सुया राहिलेल्या असायच्या, पटकन टोचायच्या. बोट तोंडात घालायचं आणि पुढची चादर ओढायची. सगळ्या बायकांना टोचायच्या. तिथून आलं असेल. किंवा माझ्या आईकडून, तिच्या आईकडून, कुणास ठाऊक. मला कुणाचं नाव सापडत नाही आणि मी शोधतही नाही. तुझी बहीण म्हणते, आई, वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा दोष नाही. वाईट वाटतं. दोष नाही हे मला कळतं आणि वाईटही वाटतं, दोन्ही चालतं एका वेळी. तुम्ही पोटात होतात तेव्हा मला तुमच्यासाठी काय काय द्यावंसं वाटायचं, आणि दिलं ते हे.

पण पैलवानाचं मात्र निराळं आहे. माझ्याकडून तुम्हाला गेलं ते मला न कळता गेलं. तुमच्याकडून त्याच्या नावावर गेलं ते कळून गेलं, निदान तुझ्या बहिणीच्या बाबतीत तरी. ती पत्र लिहायचं म्हणते. मी नको म्हटलं. घरात बसून लिहिलेल्या चार ओळींनी कुणाच्या घरी पोरं परत येत नाहीत.

मी येते. पुढच्या महिन्यात तपासणी झाली की तुझी बहीण मला गाडीत बसवून देईल. तू उतरवून घे. मग आपण त्याच्याकडे जायचं. त्याला आधी निरोप देऊ नकोस, नाहीतर तो घरी थांबायचा नाही.

ताट वेगळं काढतोस म्हणे. बंद कर.

आई


१२ जून

ताई,

आई सुखरूप पोचली आणि आज सकाळी तुझ्याकडे परत निघाली. गोळ्यांची डबी पिशवीत वरच ठेवलीय. आता कालचं सांगतो.

पैलवानाचं घर एका बोळाच्या टोकाला आहे. दार त्याच्या बायकोने उघडलं. मला बघून तिने दार लोटलं असतं, पण पुढे आई होती. आई म्हणाली, "मी याची आई. बसायला देशील का, पाय दुखतात." आत भिंतीला लहान लहान गाद्या गुंडाळून रचल्या होत्या. चित्रं काढलेला तक्ता तसाच होता. पैलवान आतून आला, बनियनवर, आणि त्याने पहिल्यांदा आईला खुर्ची दिली, मग पंखा तिच्याकडे वळवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आईने सगळं सांगितलं. मोठ्यांदा बोलते ती, तुला माहीत आहे, शेजारीही ऐकू गेलं असेल. "हा आजार माझा. माझ्याकडून माझ्या मुलांना गेला. तुझा काही संबंध नव्हता. माझ्या मुलाने खात्री नसताना तुझं नाव घेतलं, आणि माझ्या मुलीला खरं कळल्यावरही ती माझ्यासाठी गप्प बसली. ते मला तुझ्यासमोर सांगायचं होतं."

पैलवान तिच्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, "मावशी, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात? तुमचं काय चुकलं यात?" बायकोला चहा टाकायला सांगितलं. आईचा कप रिकामा झाला तसा स्वतः धुवायला उचलून नेला. तिच्या तब्येतीची चौकशी केली, गोळी कधी घेता, जेवणाआधी की नंतर. इतक्या मायेने बोलत होता की मला हुंदका आवरेना. मग मी बोलायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "तू थांब."

मी थांबलो. थोड्या वेळाने म्हटलं, "मी मालकांना सगळं सांगितलंय. काल सांगितलं. मी कारखाना सोडतो, तू माझ्या जागेवर ये. ते तयार आहेत."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तुझी जागा घेऊन काय करू? मला माझी हवी होती."

 त्याची बायको दारात उभी होती. तीच म्हणाली, "तुम्हाला काही करायचंच असेल तर या बोळातून फिरा. आम्ही कागद दाखवला तरी लोक म्हणतात, कागद काय, कुणी पण आणतं. ज्याच्या तोंडून सुरू झालं त्याच्याच तोंडून ऐकू दे त्यांना."

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "जा. मी बसते इथे."

ताई, मी काचेचा माणूस, मला ओळख नसलेल्यांशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. पहिल्या दाराची कडी मी वाजवली आणि वाटलं की कुणी घरी नसावं. एक बाई आली, कडेवर पोर. मी सांगितलं. "समोरच्या घरातल्या माणसाला कसलाही आजार नाही. आजार मला आहे. मी त्याचं नाव घेतलं, ते चूक होतं." तोवर तिच्या कडेवरच्या पोराने माझ्या शर्टाचं बटण पकडायला हात पुढे केला. त्याबरोबर ती एकदम दोन पावलं मागे सरली. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी काही हात लावला नव्हता. म्हणावंसं वाटलं, अहो, असं लागत नाही, जवळ आल्याने लागत नाही. मग लक्षात आलं की पैलवानाच्या बायकोनेही हेच वाक्य प्रत्येक दारात म्हटलं असणार. मी म्हटलं ते. ती "बरं बरं" म्हणाली आणि दार लावलं.

पुढच्या दारात एक म्हातारे होते, त्यांना वाटलं मी वर्गणी मागतोय. त्याच्या पुढच्या दारात कुणी उघडलंच नाही, आत माणसं बोलताना ऐकू येत होती. एका घरातल्या माणसाने विचारलं, "मग तुम्ही कामावर कसे? काच कापता ना?" त्याला मी रक्ताचं, सुईचं, वस्तऱ्याचं, बाळंतपणाचं सगळं समजावलं, ताटाचं नि कपाचं नाही म्हणून समजावलं. डॉक्टरीणबाईंचे ते प्रश्न जानेवारीत मला शिवीसारखे वाटले होते. काल मी तेच एकेक करून लोकांना सांगत होतो आणि माझे कान तापत नव्हते. मान मात्र वर होत नव्हती.

बोळाच्या तोंडाशी शेवटचं घर. तिथली बाई कामावरून नुकतीच आली होती, चपलाही काढल्या नव्हत्या. तिने दारातच उभं राहून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मागे वळून हाक मारली, "सासूबाई, जरा बाहेर या. हे काय म्हणतायत ते तुम्हीच ऐका, मी सांगून तुम्हाला पटत नव्हतं." म्हाताऱ्या बाई हात पुसत आल्या. खुर्ची ओढून बसल्या. मला म्हणाल्या, "हं, बोला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आज आईला सोडून येताना त्या बोळावरून गेलो. आत नाही गेलो. त्या शेवटच्या घरातलं पोर सकाळी पाळणाघरात आलं, हे बोळाच्या तोंडाशी भेटलेल्या पैलवानाच्या बायकोकडून कळलं. पैलवानाकडून अजून काही कळलेलं नाही.

तुझा
भावड्या